नवी साधने आणि ग्रंथालयातील माणूस

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे आमच्या वेळी शाळेच्या ग्रंथालयाची किल्ली असे. ग्रंथालय म्हणजे चार लाकडी कपाटे आणि एक लांब मेज. शनिवारी सकाळची शाळा सुटली की गुरुजी कपाटे उघडीत, आणि पुस्तक हाती देण्यापूर्वी मुलाच्या तोंडाकडे क्षणभर पाहून घेत. कोणाला काय द्यावे ह्याची नोंद त्यांनी कोठेही लिहून ठेवलेली नव्हती. ती त्यांच्या डोक्यात होती. यंदा विश्वस्तांनी मला बोलावयास सांगितले तेव्हा मी एखाद्या कवीवर अथवा कादंबरीवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय निवडला तो ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाचा, आणि तोही आजच्या संगणक-दूरध्वनीच्या काळातील. व्याख्यानात वेळेअभावी जे धावत्या वाणीने सांगावे लागले, ते येथे थोडे सावकाश लिहीत आहे.

फेसबुक, व्हॉट्सॲप, ब्लॉग ही नावे काढली की आमच्या पिढीतील ग्रंथप्रेमी मंडळींच्या कपाळावर आठी उमटते. पुस्तकांच्या जागी हा खेळ कशाला, असा त्यांचा सूर असतो. उलट काही तरुण मंडळींना वाटते की ग्रंथालयाचे फेसबुक-पान उघडले की ग्रंथालय आधुनिक झाले. दोघेही एकच गोष्ट विसरतात. साधन नवे आले की ते प्रथम कोणीतरी हाताळून पाहावे लागते, आणि ते हाताळणारा माणूस बहुधा तुटपुंज्या पगारावर, खिडकीशी बसून, पुस्तकांवर शिक्के मारीत असतो. त्याने ते कसे हाताळावे हा खरा प्रश्न आहे.

बडोद्यात राहणाऱ्याला ह्या प्रश्नाचे पहिले उत्तर शोधावयास दूर जावे लागत नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. शाळेत शिकलेली अक्षरे वाचावयास काही मिळाले नाही तर हळूहळू पुसली जातात. म्हणून शाळेमागोमाग ग्रंथालय आलेच पाहिजे, हा महाराजांचा विचार. अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. न्यू हेवन येथील यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डन ह्यांना त्यांनी १९१० साली बडोद्यास आणले. बोर्डन १९१३ पर्यंत येथे होते. मध्यवर्ती ग्रंथालय, तालुक्या-गावांतील ग्रंथालये आणि कुलूपबंद पेटीतून गावोगाव जाणारी फिरती ग्रंथालये अशी साखळी त्या काळात उभी राहिली. १९११ साली ग्रंथालयसेवकांसाठी प्रशिक्षणवर्ग निघाला. तो भारतातील त्या प्रकारचा पहिला मानला जातो. पुढल्याच वर्षी ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघाले. त्यात इंग्रजी आणि गुजरातीच्या जोडीला मराठी विभागही होता. म्हणजे ग्रंथपालनाच्या शास्त्रावर मराठीत नियमित लेखन व्हावे ही सोय महाराष्ट्राबाहेर, आपल्या गावात, शतकापूर्वी झाली होती. हे आपल्याच लोकांना ठाऊक नसते ह्याचे मला नेहमी वाईट वाटते.

पण आजच्या विषयाच्या दृष्टीने मला महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. १९१२ साली ह्या ग्रंथालय खात्यात दृश्य-शिक्षणाची एक शाखा उघडण्यात आली. जादूचा कंदील, दोन चित्रे एकत्र पाहून खोलीचा भास देणारा स्टिरिओस्कोप आणि सिनेमाचे यंत्र ही तिची साधने. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ग्रंथालयाने काही द्यावे, हा हेतू. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागला तो ३ मे १९१३ रोजी. त्याच सुमारास आपल्या ग्रंथालय खात्याची माणसे पडदा आणि यंत्र घेऊन खेड्यांत जात होती. त्या काळच्या सिनेमाचे यंत्र म्हणजे आजच्या यूट्यूबपेक्षा अधिक धक्कादायक वस्तू होती. ते चालविणाऱ्याने त्यापूर्वी असे काही हाताळलेले असण्याचा संभव फारच थोडा. त्याने ते हाताळूनच शिकून घेतले असणार.

ज्या देशातून बोर्डन आले, त्याच देशातील एका सार्वजनिक ग्रंथालयाने शहाण्णव वर्षांनी हाच प्रश्न आपल्या सेवकांपुढे पुन्हा मांडला. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शार्लट शहर आणि मेक्लेनबर्ग परगणा ह्यांचे ते ग्रंथालय. २००६ च्या ऑगस्टमध्ये तेथील तंत्रज्ञान-विभागाच्या प्रमुख हेलन ब्लोअर्स ह्यांनी ‘लर्निंग २.०’ हा उपक्रम सुरू केला. पुढे तो ‘तेवीस गोष्टी’ ह्या नावानेच जगभर ओळखला गेला. त्या काळी महाजालाचे स्वरूप बदलत होते. पूर्वी संकेतस्थळ म्हणजे कोणीतरी लिहिलेले आणि इतरांनी वाचावयाचे पान. आता वाचणाराही तेथे लिहू लागला होता. आपले छायाचित्र लावावे, दुसऱ्याच्या छायाचित्राखाली शेरा लिहावा, चार जणांनी मिळून एकच लेख दुरुस्त करावा, हे घरबसल्या होऊ लागले. ग्रंथालयात येणारी मुले ह्या गोष्टी सर्रास करीत होती, आणि त्यांना मदत करावयास बसलेल्या सेवकांना त्यांतले ओ की ठो कळत नव्हते.

ब्लोअर्सबाईंनी काय केले? व्याख्यानमाला ठेवली नाही, तज्ज्ञ बोलावले नाहीत. नऊ आठवड्यांत करावयाच्या तेवीस लहान लहान गोष्टी त्यांनी लिहून काढल्या. स्वतःचा ब्लॉग उघडा, फ्लिकरवर एखादे चित्र शोधा, आपल्या आवडीच्या पानांवर नवीन मजकूर आला की तो आपल्याकडे आपोआप येईल अशी व्यवस्था करा, लायब्ररीथिंगवर आपल्या पाच-दहा पुस्तकांची यादी करा, विकीवर एक ओळ लिहा, एखादी ध्वनिमुद्रित मालिका ऐका, चित्रफीत पाहा. प्रत्येक गोष्ट केल्यावर तिच्याविषयी आपल्या ब्लॉगवर चार वाक्ये लिहावयाची. अडले तर शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्यास विचारावयाचे. मुदतीत सर्व पुरे करणाऱ्यास गाणी ऐकण्याचे एक छोटे यंत्र भेट, आणि त्या सर्वांतून सोडतीने एकाला मांडीवरचा संगणक. उपक्रमाचा आराखडा कोणीही उचलावा अशी मुभा त्यांनी देऊन ठेवली होती. त्यामुळे ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळील यारा प्लेंटी ग्रंथालयापासून इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठापर्यंत अनेकांनी तो आपापल्या परीने राबविला.

बक्षिसाचे मला फारसे अप्रूप नाही. मला आवडलेल्या बारीक गोष्टी दोन. पहिली अशी की सेवकाने ब्लॉग आपल्या नावाने लिहिलाच पाहिजे अशी सक्ती नव्हती. टोपणनाव चालत असे. ज्याने आयुष्यभर वाचकांना उत्तरे दिली, त्याला पन्नाशीनंतर ‘मला हे येत नाही’ असे चारचौघांत म्हणणे किती जड जाते, हे ती मुभा देणाऱ्याने ओळखले होते. मी स्वतः संगणकावर मराठी लिहावयास शिकलो ते निवृत्तीनंतर, दार लावून, नातवाकडून. दुसरी गोष्ट अशी : उपक्रमाच्या आरंभी आजन्म शिकणाऱ्याच्या साडेसात सवयी सांगितल्या होत्या, आणि त्यांतली शेवटची अर्धी सवय होती खेळण्याची. कचेरीच्या वेळेत खेळावयास परवानगी! आपल्याकडे नवीन यंत्र आले की ते प्रथम मुख्य लेखनिकाच्या खोलीत प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली जाते, आणि ‘बिघडले तर जबाबदारी तुमची’ असे सेवकास बजावले जाते. मग तो त्याला हात कशाला लावील?

त्या तेवीस गोष्टींचे पुढे काय झाले, हे पाहणे मोठे उद्बोधक आहे. नवीन मजकूर घरपोच आणून देणारी साधने त्या काळी फार नावाजलेली होती. वर्तमानपत्रवाला दारात अंक टाकतो तसे त्यांचे काम. त्यांतले सर्वांत लोकप्रिय गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाले. वाचनखुणा जतन करणारे डिलिशस २००५ मध्ये याहूने विकत घेतले. मग ते एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिले आणि २०१७ नंतर तेथे नवीन काही लिहिता येईनासे झाले. फ्लिकर याहूकडून २०१८ मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि फुकट खात्यांवर एक हजार चित्रांची मर्यादा आली. आपल्याकडे ज्या ऑर्कुटवर असंख्य मराठी मंडळींच्या गप्पा रंगत, ते ३० सप्टेंबर २०१४ ला मिटले. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० साली ट्विटरवरील सर्व जाहीर मजकूर जतन करण्याचे मनावर घेतले होते. १ जानेवारी २०१८ पासून तो संकल्प आखडता घेऊन केवळ निवडक मजकूर ठेवण्याचे ठरले. जगातील सर्वांत मोठ्या ग्रंथालयांपैकी एकाची ही कथा. आमच्या वाचनालयांनी काय करावे?

म्हणून तेवीस गोष्टी फुकट गेल्या असे मात्र मी म्हणणार नाही. ज्या सेवकाने एक साधन भीती सोडून हाताळले, त्याला दुसरे हाताळावयास वेळ लागत नाही. शिवाय त्या साधनांतून काही वेळा असे फळ मिळाले की जे ग्रंथपालाला एकट्याने कधीच मिळाले नसते. त्याच लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये आपल्या संग्रहातील सुमारे तीन हजार जुनी छायाचित्रे फ्लिकरवर मांडली आणि लोकांना आवाहन केले, ओळखा. कोणी इमारत ओळखली, कोणी आगगाडीचे इंजिन, कोणी चुकीचे लागलेले गावाचे नाव दुरुस्त केले. वर्ष संपेपर्यंत पाचशेहून अधिक नोंदी त्या माहितीच्या आधारे सुधारण्यात आल्या होत्या. ह्यात ध्यानी घेण्याजोगी गोष्ट एवढीच की लोकांनी लिहिलेले पडताळून ग्रंथालयाच्या मूळ तालिकेत उतरविणारा माणूस जागेवर होता. तो नसता तर ती सर्व माहिती चित्राखालच्या गप्पांत विरून गेली असती.

आता थोडे मराठीविषयी. येथे मी माझ्या अंगणात येतो, तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

लायब्ररीथिंगसारख्या ठिकाणी वाचक पुस्तकाला स्वतःच्या शब्दाची चिठ्ठी लावतो. तिला टॅग म्हणतात. ग्रंथपालाचे विषयशीर्षक ठरलेल्या यादीतून येते, टॅग वाचकाच्या मनातून येतो. एकाच पुस्तकाला कोणी ‘पोवाडा’ म्हणेल, कोणी ‘पवाडा’, कोणी ‘शाहिरी’, कोणी रोमन लिपीत काहीतरी. ह्या सर्व वाचकांना एकाच फळीपाशी आणावयाचे तर कोणीतरी ‘पवाडा : पाहा पोवाडा’ असा जुना कार्डावरचा शेरा लिहिलाच पाहिजे. लेखकांच्या नावांचे तर विचारू नका. पु. ल. देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे, पी. एल. देशपांडे, शिवाय गुजराती आणि रोमन लिपींतील रूपे निराळी. माणसाला हे सर्व एक आहे हे कळते, यंत्राला सांगावे लागते. २०१२ साली सुरू झालेल्या विकिडाटा ह्या मुक्त कोशात प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक दिलेला असतो आणि त्या क्रमांकाखाली सर्व भाषांतील व लिप्यांतील नावे एकत्र बसतात. तेथे आपल्या बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादच्या मराठी लेखकांच्या नोंदी घालणे अथवा सुधारणे हे काम कोणताही ग्रंथालयसेवक फुरसतीच्या वेळी करू शकतो. त्यासाठी लागते ती तालिका करण्याची जुनीच विद्या.

अक्षरांचा घोटाळा आणखी खोल आहे. मी जेथे शिकवीत असे तेथील मराठी ग्रंथांची यादी १९९० नंतरच्या काळात मोठ्या हौसेने संगणकावर चढविण्यात आली. टंकलेखन करणाऱ्या मुलाने दोन उन्हाळे त्यात घालविले. पुढे संगणक बदलला, आणि यादी उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, डॉलरची चिन्हे आणि स्वल्पविराम ह्यांचा चिवडा! कारण असे की त्या काळच्या टंकांत मराठी अक्षर केवळ चित्र म्हणून इंग्रजी अक्षराच्या जागी बसविलेले असे. यंत्र मनात इंग्रजी अक्षर धरी, मराठी फक्त डोळ्यांना दिसे. तो टंक गेला की मराठीही गेले. युनिकोडमध्ये मात्र देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’ म्हणजे २३२५, मग टंक कोणताही असो. जुन्या याद्या ह्या पद्धतीत उतरवून घेणे हे कोणत्याही फेसबुक-पानापेक्षा अधिक निकडीचे काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि युनिकोड आले म्हणून निर्धास्त होऊ नये. ‘तऱ्हा’ ह्या शब्दातला अर्धा र दोन निराळ्या रीतींनी टंकता येतो. दोन्ही डोळ्यांना सारख्याच दिसतात, पण शोधताना यंत्र त्यांना दोन शब्द समजू शकते. ‘ॲ’ हे अक्षर २००८ मध्ये युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले. त्यापूर्वीचे लेखन ‘अ’वर चंद्र देऊन किंवा हिंदीच्या पद्धतीचे ‘ऍ’ वापरून केलेले सापडते. पुस्तक कपाटात आहे, नोंद संगणकात आहे, आणि वाचकाला उत्तर मिळते ‘नाही’. असा प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. ‘नाही’ हे उत्तर यंत्राने दिले की वाचक दुसऱ्यांदा विचारीत नाही. गुरुजींनी ‘नाही’ म्हटले तर आम्ही निदान रेंगाळत असू.

शेवटी एका प्रत्यक्ष माणसाविषयी. आमच्या भागातील एका जुन्या मराठी वाचनालयात काम करणाऱ्या ताई माझ्या परिचयाच्या आहेत. नाव सांगू नका, असे त्यांनीच बजावले आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि वाचनालयाचे दार बंद झाले. एरवी संगणकाकडे न फिरकणाऱ्या ह्या बाईंनी घरी बसून सभासदांचा व्हॉट्सॲप गट केला. “सर, दार उघडेपर्यंत माणसं आपल्याला विसरून जातील, ही भीती होती,” असे त्यांनी मला नंतर सांगितले. रोज एका पुस्तकाच्या मुखपृष्ठाचे छायाचित्र आणि खाली चार ओळी, एवढाच उद्योग. आतील पाने मात्र त्या पाठवीत नसत. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत त्याचा हक्क असतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. हळूहळू सुरतेला, पुण्याला, परदेशात गेलेले जुने सभासदही गटात आले.

मग चुका झाल्या. गटात प्रत्येकाचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येकाला दिसतो. एका सभासद बाईंना अनोळखी संदेश येऊ लागले आणि त्या गटातून, नंतर वाचनालयातूनच, निघून गेल्या. कोण काय वाचतो आणि कोण कोठे राहतो हे ग्रंथपालाने चव्हाट्यावर मांडावयाचे नसते. कागदी वहीत हा नियम ताईंच्या हाडीमाशी होता, फोनवर तो निसटला. त्यांनी गट मोडला आणि ज्यात सभासद एकमेकांना दिसत नाहीत अशी प्रसारण-यादी केली. त्यासाठी प्रत्येकाने वाचनालयाचा क्रमांक आपल्या फोनात जपून ठेवावा लागतो. म्हणून दार उघडल्यावर पुस्तक बदलावयास आलेल्या प्रत्येक वृद्धाच्या फोनात त्या स्वतः तो क्रमांक घालून देत.

दुसरी हानी भरून येणारी नव्हती. एका नव्वदीच्या सभासदांनी वाचनालयाच्या पहिल्या दिवसांच्या आठवणी स्वतःच्या आवाजात, तुकड्या-तुकड्यांनी, संदेशांतून पाठविल्या होत्या. पहिली कपाटे कोणी दिली, वर्गणी किती होती, कोणत्या खोलीत बैठक भरे, सर्व. ताईंचा फोन बिघडला आणि जुने संदेश परत मिळाले नाहीत. ते गृहस्थ त्यापूर्वीच निवर्तले होते. मी ऐकावयाचे म्हणत होतो ते राहूनच गेले.

तेव्हापासून ताईंची एक रीत आहे. संध्याकाळी दार लावण्यापूर्वी त्या दिवसभरात फोनवर आलेले जे जपण्यासारखे असेल ते दाखल-नोंदवहीच्या शेजारी ठेवलेल्या एका बांधीव वहीत उतरवितात, तारीख घालून. ध्वनिमुद्रण असेल तर ते संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी ठेवतात आणि वहीत त्याचा क्रमांक लिहितात. नवीन साधन आले की हौसेने उघडून पाहतात, पण पहिला प्रश्न विचारतात : “ह्यातून माझं सामान परत कसं नेता येतं?”

ह्याच ताईंच्या सूचनेवरून गेल्या वर्षी आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी १९६४ च्या स्नेहसंमेलनाचे एक छायाचित्र फेसबुकवर लावले. गुरुजी मध्ये खुर्चीवर, मागे तीन रांगा. मी दुसऱ्या रांगेत, टोपी तिरपी. आठवड्याभरात बहुतेक नावे कळली. दोन तर अमेरिकेतून आली. ती नावे ताईंच्या पद्धतीने छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने लिहून प्रत शाळेच्या ग्रंथालयात, दाराच्या उजव्या हातास लावली आहे. पुढच्या रांगेतील डावीकडून तिसऱ्या, अनवाणी मुलाचे नाव मात्र अद्याप मिळालेले नाही. त्याच्या हाती ग्रंथालयाचे पुस्तक आहे, त्याच्या पाठीवरचा क्रमांकही दिसतो. आपल्यापैकी कोणास आठवत असल्यास शाळेत कळवावे. खाली पेन्सिल टांगून ठेवली आहे.